खेळण्यातून खेळ कसा झाला : रेडिओवर चालणाऱ्या मोटारींच्या शर्यतींचा अभ्यास

आपल्या मंडळाच्या अंकात बहुतेक लेख कवी, कादंबऱ्या, बोली यांवर असतात, आणि ते योग्यच आहे. पण मी शिकवतो भौतिकशास्त्र. चिटणीसांनी लेख मागितला तेव्हा मी हा विषय सांगितला, तर समितीतला एकजण लगेच म्हणाला, "सर, रिमोटच्या गाड्या म्हणजे पोरांचं खेळणं. त्याला कसला आलाय इतिहास?"

प्रश्न बरोबर आहे. या लेखात मी त्याचंच उत्तर देणार आहे. मराठीत 'खेळणं' आणि 'खेळ' हे दोन शब्द एकाच धातूतून आले, पण त्यांच्यात अंतर आहे. खेळणं एकट्याचं असू शकतं. खेळाला समोर दुसरा माणूस लागतो, दोघांनी मान्य केलेला नियम लागतो, हार-जीत मोजायचं साधन लागतं, आणि पडलेल्याला उठवायची काहीतरी रीत लागते. रेडिओवर चालणाऱ्या मोटारी साधारण साठ वर्षांपूर्वी खेळणं म्हणून बाजारात आल्या. पुढच्या वीस वर्षांत त्यांच्या जागतिक स्पर्धा भरू लागल्या. या वाटेत यंत्रं सुधारली हे खरंच. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की माणसांनी एकमेकांशी काय काय ठरवलं. तेच आपण क्रमाने पाहू.

१. दावं, खोबण आणि मोकळं मैदान

छोट्या मोटारींची शर्यत रेडिओच्या आधीपासून होती. १९३० आणि १९४० च्या दशकांत अमेरिकेत लहान इंजिनाच्या गाड्या मधल्या खांबाला तारेने बांधून गोल पळवत. खळ्यावर तिवड्याभोवती फिरणारे बैल आठवा, फक्त वेग प्रचंड. या गाड्यांना टेथर कार म्हणत. गाडी एकदा सोडली की चालवणाऱ्याच्या हातात काही उरत नसे. शर्यत इंजिनाची होती, चालकाची नव्हती.

मग आल्या स्लॉट कार. इंग्लंडमध्ये १९५७ साली स्केलेक्स्ट्रिक हा संच बाजारात आला. रस्त्यात एक खोबण, गाडीच्या पोटाखाली एक खुंटी, आणि खोबणीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांतून वीज. हातातल्या बटणाने वेग कमी-जास्त करायचा. आता चालकाला काम मिळालं, पण अर्धंच. वेग त्याच्या हातात, दिशा खोबणीच्या. १९६० च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेत या खेळाचं एवढं वेड होतं, की त्यासाठी खास दालनं उघडली. मग काही वर्षांतच ते वेड ओसरलं, दालनं बंद पडली, आणि छोट्या मोटारी, चाकं, गिअर बनवायला शिकलेले कारागीर रिकामे झाले. पुढच्या गोष्टीसाठी ही बाब लक्षात ठेवा.

तार गेली, खोबण गेली आणि गाडी मोकळ्या मैदानावर आली, ती रेडिओमुळे.

२. हुकूम हवेतून जातो कसा

दूरवरून बिनतारी हुकूम देता येतो हे निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एका छोट्या बोटीवर दाखवलं होतं. त्याच वर्षी त्याला त्याचं पेटंटही मिळालं. तरीही शर्यतीची गाडी यायला आणखी सुमारे सत्तर वर्षं लागली. कारणं दोन. पहिलं, वजन. व्हॉल्व्हचे रेडिओ जड असत आणि त्यांना बॅटऱ्याही मोठ्या लागत. ट्रान्झिस्टर आला आणि रिसीव्हर काडेपेटीच्या मापाकडे सरकू लागला.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. जुन्या साध्या संचांत हुकूम 'आहे' किंवा 'नाही' एवढाच असे. डावीकडे म्हटलं की चाक पूर्ण डावीकडे. थोडंसं डावीकडे, हा प्रकार नाही. अशा गाडीने वळण नीट घेता येत नाही, आणि दोन गाड्या शेजारून तर पळूच शकत नाहीत. १९६० च्या दशकात प्रमाणबद्ध नियंत्रण आलं. हातातली कांडी जेवढी हलवाल तेवढंच चाक वळतं.

हे कसं होतं ते विज्ञानशाखेबाहेरच्या मुलांनाही समजेल. ट्रान्समीटर सेकंदाला साधारण पन्नास वेळा एक छोटा विद्युत-ठोका पाठवतो. तो ठोका दीड मिलिसेकंद लांब असेल तर चाक सरळ. एक मिलिसेकंदाकडे झुकला तर चाक एका बाजूला, दोनकडे झुकला तर दुसऱ्या बाजूला. गाडीतली सर्व्हो मोटार ठोक्याची लांबी बघते आणि तेवढीच फिरते. म्हणजे अर्थ ठोक्याच्या जोरात नाही, लांबीत आहे. ऱ्हस्व-दीर्घावर अर्थ बदलतो हे भाषेच्या विद्यार्थ्यांना मी काय सांगणार!

३. मोटारतळावरच्या शर्यती

१९६६ मध्ये इटलीतल्या रेज्जो एमिलिया गावच्या एल्जी या कंपनीने फेरारी २५० एलएम या गाडीची १/१२ मापाची, रेडिओवर चालणारी प्रतिकृती विकायला आणली. दुकानात मिळणाऱ्या सुरुवातीच्या रेडिओ गाड्यांपैकी ती एक. पण शर्यतीचा जोर धरला तो अमेरिकेत. तिथं १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रोअर ही संघटना उभी राहिली, आणि गाडीचं माप, इंजिनाचा आकार, शर्यतीची पद्धत हे सगळं कागदावर आलं.

गाड्या १/८ मापाच्या होत्या. खऱ्या मोटारीचा आठवा हिस्सा, म्हणजे साधारण हातभर लांब. खाली ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा, त्यावर सुमारे साडेतीन घनसेंटिमीटरचं इंजिन. इंधन पेट्रोल नव्हे. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण. वर पॉलिकार्बोनेटचं पातळ पारदर्शक कवच. ते आतून रंगवतात, म्हणजे बाहेर ओरखडे पडले तरी रंग शाबूत राहतो. काचेवर मागून रंगवलेली देवांची जुनी चित्रं कुणी पाहिली असतील, तर त्यांचीच ही पद्धत. बारीक काम आधी, पार्श्वभूमी शेवटी.

हे बनवणारे कोण? आपण मघाशी पाहिले तेच, स्लॉट कारच्या धंद्यातून बाहेर पडलेले लोक. कॅलिफोर्नियातली असोसिएटेड इलेक्ट्रिक्स ही अशीच कंपनी, रॉजर कर्टिस यांची. ट्रॅक म्हणजे सुटीच्या दिवशी मोकळा पडलेला मोटारतळ, खडूच्या रेघा आणि कडेला लावलेले पाइप. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात पोमोना इथं १/८ गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. त्यानंतर इफमार ही जागतिक संघटना आकाराला आली. तिच्या छताखाली चार विभाग आहेत : युरोपचा एफ्रा, उत्तर अमेरिकेचा रोअर, अतिपूर्व आणि ऑस्ट्रेलियाकडचा फेम्का, आणि दक्षिण अमेरिकेचा फामार. प्रत्येक प्रकाराची जागतिक स्पर्धा साधारण दोन वर्षांनी, आणि यजमानपद विभागांमध्ये फिरतं.

४. शिझुओकाची पोर्श

इंजिनाच्या गाडीचा आवाज मोठा, वास उग्र, आणि ती सांभाळायला मेकॅनिकचं डोकं हवं. सामान्य घरातला मुलगा या खेळात आला तो विजेच्या गाडीमुळे, आणि त्यात जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीचा वाटा फार मोठा आहे.

तामिया घराण्याचा धंदा मुळात लाकडाच्या वखारीचा. दुसऱ्या महायुद्धानंतर ते लाकडी प्रतिकृती बनवू लागले, मग प्लॅस्टिकच्या. १९७० च्या दशकात शुनसाकू तामिया यांनी पोर्श गाडीची १/१२ प्रतिकृती करायला घेतली. अचूकपणासाठी त्यांनी चक्क खरी पोर्श ९११ विकत घेतली आणि सुटी करून अभ्यासली. एवढा खर्च केल्यावर तो वसूल कसा करायचा? त्यातून त्याच गाडीची रेडिओवर चालणारी आवृत्ती काढायचा विचार पुढे आला. १९७६ मध्ये तामियाची पोर्श ९३४ टर्बो आरएसआर बाजारात आली आणि तिने कंपनीची दिशाच बदलली.

एक गोष्ट मला इथं नेहमी सांगावीशी वाटते. ही गाडी तयार मिळत नसे. खोक्यात सुटे भाग आणि चित्रांची पुस्तिका. गाडी स्वतः जोडायची. त्यामुळे गाडी मोडली तर कुठं काय मोडलं हे जोडणाऱ्याला ठाऊक असायचं. खेळणं मोडलं की मूल रडतं. आपण जोडलेली वस्तू मोडली की माणूस पेचकस शोधतो. खेळणं आणि खेळ यांतला पहिला फरक मला इथं दिसतो.

५. मातीत उतरलेली गाडी

१९७९ च्या सुमारास तामियाने रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर या १/१० मापाच्या वाळवंटी गाड्या आणल्या. प्रत्येक चाकाला वेगळी स्प्रिंग, रेडिओ पाण्या-धुळीपासून वाचवणारी बंद पेटी. आता गुळगुळीत मोटारतळाची गरज उरली नाही. परस, मैदान, नदीकाठ, काहीही चालेल. १९८४ मधल्या ग्रासहॉपर या साध्या, स्वस्त गाडीने तर कितीतरी मुलांना या छंदात आणलं.

त्याच १९८४ मध्ये असोसिएटेडने आरसी१० काढली. दिसायला तामियापेक्षा रूक्ष. सोनेरी मुलामा दिलेला ॲल्युमिनियमचा नांगरासारखा लांबट तळ, आणि चारही चाकांना तेल भरलेले शॉक-ॲब्सॉर्बर. ती शर्यतीसाठीच बनवली होती. हे तेलाचे शॉक काय करतात? गाडी उसळीवरून खाली आदळली की स्प्रिंग दबते आणि परत उसळू बघते. आतल्या तेलाला बारीक भोकांतून जावं लागतं, त्यात ती ऊर्जा उष्णता होऊन जाते, आणि चाक जमिनीला चिकटून राहतं. जाड तेल घातलं की गाडी सुस्त, पातळ घातलं की उड्या मारते. मातीचा पोत बघून तेल बदलायचं. ज्यांच्या घरी उद्यमबागेत लेथ चालतो त्या मुलांना हे लगेच कळेल : एकच यंत्र, पण बसवणाऱ्याच्या हाताप्रमाणे वेगळं चालतं.

१९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथं १/१० विजेच्या मातीवरच्या गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. मागची दोनच चाकं फिरणाऱ्या गटात जे हॅल्सी आरसी१० घेऊन जिंकला. पुढची स्पर्धा १९८७ मध्ये इंग्लंडमध्ये रॉम्सी इथं झाली. चारही चाकं फिरणाऱ्या गटात जिंकला मासामी हिरोसाका, जपानचा १७ वर्षांचा मुलगा. तुमच्यातल्या अकरावी-बारावीच्या मुलांएवढा. पुढे त्याने वेगवेगळ्या गटांत मिळून १४ जागतिक विजेतेपदं मिळवली. या खेळात कुणालाही विचारा, पहिलं नाव त्याचंच येतं.

रॉम्सीला हिरोसाकाच्या हातात गाडी होती इंग्लंडच्या शूमाखर कंपनीची कॅट. कंपनीचे संस्थापक सेसिल शूमाखर पूर्वी खऱ्या शर्यतींच्या मोटारींच्या क्षेत्रात गिअरचं काम करत. त्यांनी छोट्या गाडीसाठी बॉल डिफरन्शियल बनवलं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू द्यावं लागतं. हे काम दातेरी चाकांऐवजी दोन कड्यांमध्ये दाबलेल्या बारीक गोळ्यांवर सोपवलं, आणि एका स्क्रूने ते सैल-घट्ट करता येऊ लागलं. जपानी चालक, इंग्रजी गाडी, अमेरिकेत वाढलेला खेळ. एका कोपऱ्यातला छंद जगाचा कसा होतो, ते या एका शर्यतीत दिसतं.

६. जिंकलं कोण, हे कसं ठरवायचं

आता नियमांकडे वळू. या शर्यतीत ठरावीक अंतर नसतं, ठरावीक वेळ असतो. पाच मिनिटांची शर्यत असेल, तर पाच मिनिटं संपल्यावर प्रत्येकाने चालू असलेली फेरी पूर्ण करायची. मग बघायचं, फेऱ्या कुणाच्या जास्त. फेऱ्या सारख्या असतील तर वेळ कुणाचा कमी.

समजा, अ ने १५ फेऱ्या ५ मिनिटं १२ सेकंदांत केल्या, ब ने १५ फेऱ्या ५ मिनिटं १४ सेकंदांत, आणि क ने १४ फेऱ्या ५ मिनिटं १ सेकंदात. क चा वेळ सगळ्यांत कमी दिसतो, पण तो तिसरा. हे एकदा डोक्यात बसलं की निकालाचा कागद वाचता येतो.

वेळ ठरावीक ठेवण्यामागे कारण होतं बॅटरीचं. सुरुवातीला ७.२ व्होल्टचा, १२०० मिलिअँपिअर-तासांचा सहा घटांचा संच वापरत. चार मिनिटांत तो रिकामा करायचा म्हटला तर सरासरी १८ अँपिअर प्रवाह मिळतो. आठ मिनिटं पुरवायचा असेल तर फक्त ९. गणित तुम्ही स्वतः करून बघा. म्हणजे चालकाने पहिल्या दोन मिनिटांत हात सैल सोडला, तर शेवटच्या फेरीत गाडी मध्येच थांबणार. काटकसर हीसुद्धा कौशल्याचाच भाग होती. इंजिनाच्या मोठ्या गाड्यांची अंतिम शर्यत मात्र तासभरही चालते. मध्ये थांबून इंधन भरायचं, आणि त्यासाठी सोबत्याचे हात तेवढेच चपळ लागतात.

फेऱ्या मोजायच्या कुणी? आधी माणसं बसत. एका माणसाने एका गाडीवर नजर ठेवायची आणि ती रेघेवरून गेली की खूण करायची. दहा गाड्या, दहा मोजणारे, आणि एकजण शिंकला की एक फेरी गेली! भांडणं होणारच. पुढे ट्रान्सपॉन्डर आला. प्रत्येक गाडीत स्वतःचा क्रमांक सांगणारी एक छोटी डबी, आणि ट्रॅकखाली पुरलेलं तारेचं वेटोळं. गाडी वरून गेली की संगणकात सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंद. नेदरलँड्सच्या एएमबी कंपनीने ही पद्धत रुळवली. शर्यतीचा थरार त्याने वाढला की नाही, यावर मतं वेगळी असतील, पण मोजणीवरचा संशय गेला. मोजणीवर विश्वास नसेल तर कुठलीच स्पर्धा टिकत नाही, मग ती निवडणूक असो की वक्तृत्व.

७. लहरींवरची शिस्त

दुसरा मोठा प्रश्न होता लहरींचा. सुरुवातीचे संच २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालत आणि त्यात रंगांनी ओळखली जाणारी सहाच ठिकाणं होती : तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळं, हिरवं, निळं. दोघांचा रंग एकच असेल आणि दोघांनी एकाच वेळी ट्रान्समीटर चालू केला, तर एकाच्या हुकमाने दुसऱ्याची गाडी भिंतीवर. म्हणून रिंगणात कोण कोणत्या रंगावर आहे याचा तक्ता लागे. आपल्या लहरीची खूण, बहुतेक ठिकाणी कपडे वाळत घालायचा साधा चिमटा, हातात असल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करायचा नाही. मोठ्या स्पर्धांत तर शर्यत नसताना सगळे ट्रान्समीटर जमा करून घेत.

२००० नंतरच्या दशकात २.४ गिगाहर्ट्झचे संच आले. त्यांत ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांची आधी ओळख करून दिलेली असते, आणि संदेश एकाच लहरीला चिकटून न राहता पसरून किंवा उड्या मारत जातो. उड्या मारण्याच्या या कल्पनेचं एक पेटंट १९४२ मध्ये हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना मिळालं होतं. शत्रूला पाणतीराचा रेडिओ हुकूम बिघडवता येऊ नये म्हणून. कलाशाखेच्या मुलांनी हे नक्की लक्षात ठेवावं! चिमटा आता इतिहासजमा झाला. पण सगळ्यांसाठी एकच आकाश असताना वाटून कसं घ्यायचं, हे त्या चिमट्याने एका पिढीला शिकवलं.

८. पैशाची शर्यत

आता अवघड भागाकडे येतो. हा खेळ बराचसा यंत्रावर अवलंबून आहे आणि यंत्र पैशाने येतं. मग जिंकतं कोण, हात की खिसा?

१९८० आणि ९० च्या दशकांत हा प्रश्न घटांवरून तापला. एकाच कारखान्यातून निघालेले घटही अगदी एकसारखे नसतात. काही दुकानदार एकेक घट यंत्रावर तपासून, सारख्या ताकदीचे सहा निवडून त्यांचे संच बांधत आणि जास्त दराने विकत. नियमपुस्तकात 'सहा घट' एवढंच लिहिलेलं. श्रीमंताचे सहा आणि गरिबाचे सहा कागदावर सारखे, ट्रॅकवर नाहीत.

मोटारीचंही तेच. तारेचे वेढे जितके कमी आणि तार जितकी जाड, तितका प्रवाह जास्त, तितका वेग जास्त. म्हणून संघटनांनी वेगळे गट पाडले. खुल्या गटात हवी ती मोटार. 'स्टॉक' गटात मात्र सगळ्यांना २७ वेढ्यांची, बंद डब्यातली मोटार, उघडून फेरफार करायचा नाही. नवशिक्याला निदान रिंगणात उभं राहता यावं, हा हेतू.

पुढे ब्रशविरहित मोटारी आणि लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या आल्या. घट निवडायचा धंदा बराचसा थंडावला, मोटारीची झीज कमी झाली, खर्च थोडा आवाक्यात आला. पण पळवाट शोधणारे शोधतातच. वेग नियंत्रित करणाऱ्या उपकरणाच्या आज्ञावलीतच मोटारीला आधी ठोका द्यायची युक्ती घालता येऊ लागली, आणि साडेसतरा वेढ्यांची 'साधी' मोटार भलतीच पळू लागली. बाहेरून काही दिसत नाही. मग पकडणार कसं?

उत्तर मला फार आवडतं. स्टॉक गटासाठी असं ठरलं, की उपकरण या युक्तीशिवाय चालत असेल तर त्यावरचा बारीक दिवा लुकलुकला पाहिजे. गाडी रिंगणात ठेवली की पंच वाकून दिवा बघतो. लुकलुकतोय? चला. खेळाडूंनी या गटाचं बोलीतलं नावच त्या लुकलुकण्यावरून पाडलं. प्रामाणिकपणा मनात असतो हे खरं, पण तो सगळ्यांना दिसेल अशी सोय केली तर संशयाला जागा उरत नाही.

पैशाचा प्रश्न यामुळे संपला असं मी म्हणणार नाही. टायर, सुटे भाग, प्रवास या सगळ्याला आजही पैसे लागतात. पण संघटना पुन्हा पुन्हा त्याच प्रश्नाशी येऊन भिडतात आणि नियम बदलून बघतात. माझ्या मते खेळ जिवंत असल्याची खूण हीच.

९. उलटलेली गाडी उचलतो कोण

शेवटचा नियम सगळ्यांत साधा आहे, आणि हा लेख लिहिण्याचं खरं कारणही तोच आहे.

चालक ट्रॅकच्या कडेला उंच मचाणावर ओळीने उभे असतात. गाडी दूर, खाली. ती समोरून येते तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. गाडीत बसलेल्या माणसाला जे डावं, ते मचाणावरच्याला उजवं. नवशिक्या इथंच चुकतो आणि गाडी उलटी होते. उलटलेली गाडी मचाणावरून सरळ करता येत नाही. त्यासाठी ट्रॅकवर ठिकठिकाणी माणसं उभी असतात. त्यांना मार्शल म्हणतात.

हे मार्शल कोण? बहुतेक ठिकाणी पगारी नोकर नाहीत. ज्यांची शर्यत नुकतीच संपली, तेच चालक. गाडी टेबलावर ठेवायची आणि पुढच्या शर्यतीसाठी ट्रॅकवर जाऊन उभं राहायचं. जिंकलेल्यानेही, हरलेल्यानेही. जो जाणार नाही त्याला शिक्षा होते. त्याची सगळ्यांत चांगली पात्रता-फेरी रद्दही होऊ शकते. म्हणजे तुम्ही कितीही वेगवान असा, दुसऱ्याची गाडी उचलायला गेला नाहीत तर तुमचा वेग मोजलाच जाणार नाही.

आणि कामही सोपं नाही. गाडी जिथं गेली तिथंच ठेवायची, पुढे नाही. मागून येणाऱ्याचा रस्ता मोकळा आहे ना ते बघून ठेवायची. मोडली असेल तर दुरुस्त करत बसायचं नाही, बाजूला करायची. दोन-तीन किलोची गाडी घोट्यावर आदळू नये म्हणून पाठ फिरवायची नाही. आणि मुख्य म्हणजे, जिची गाडी आपण उचलतोय ती कदाचित अंतिम फेरीत आपल्यालाच मागे टाकणार आहे, हे माहीत असूनही हात सावकाश चालवायचा नाही.

आपल्या कॉलेजात सेवेबद्दल पुष्कळ बोललं जातं. पौलाच्या पत्रांतला धावण्याच्या शर्यतीचा दाखलाही आपण चॅपेलमध्ये ऐकतो. मी त्यात एवढंच जोडेन : या छोट्या मोटारींच्या लोकांनी सेवा ही चांगुलपणावर सोडली नाही, ती निकालपत्रकात बसवली. प्रतिस्पर्ध्याला उभं करणं हा शर्यतीचाच अर्धा भाग केला. यंत्रं बदलली, लहरी बदलल्या, घट बदलले. हा नियम मात्र लहान क्लबपासून मोठ्या स्पर्धांपर्यंत दिसतो.

तेव्हा समितीतल्या त्या मित्राला माझं उत्तर असं. रिमोटची गाडी खेळणं आहे, अगदी मान्य. ज्या दिवशी दोन माणसांनी तिचं माप ठरवलं, तिसऱ्याने फेऱ्या मोजल्या आणि चौथ्याने उलटलेली गाडी सरळ करून दिली, त्या दिवशी तिचा खेळ झाला. आणि ज्याचा खेळ झाला, त्याला इतिहास असतोच.

अभ्यासासाठी

१. टेथर कार, स्लॉट कार आणि रेडिओ कार यांत चालकाच्या हातात काय काय होतं, त्याचा तक्ता करा.

२. २४०० मिलिअँपिअर-तासांचा संच पाच मिनिटांत रिकामा झाला, तर सरासरी प्रवाह किती? बाराशेच्या संचाशी तुलना करा.

३. 'स्टॉक' गटासारखा नियम आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत, नाटक, वक्तृत्व, क्रिकेट यांपैकी कुठं लावता येईल? खर्चाची मर्यादा घातली तर कुणाचा फायदा, कुणाचा तोटा?

४. लॅप, मार्शल, ट्रान्सपॉन्डर, स्टॉक या शब्दांना मराठी प्रतिशब्द सुचवा. जिथं इंग्रजी शब्दच बरा वाटेल, तिथं का ते दोन ओळींत लिहा.

५. स्पर्धा संपल्यावर दुसऱ्यासाठी उभं राहण्याची सक्ती असावी का? मंडळाच्या पुढच्या बैठकीत यावर चर्चा ठेवू. दोन्ही बाजूंनी तयारी करून या.